हॅटी सकाळचं खात नाही

११ जानेवारी २००३

कोरीन,

पॅनकेक तू कसे करायचीस, तेवढं कळव. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल.

हे माझं नववं पत्र. आधीच्या आठांना उत्तर आलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुरुंगात जो वेळ आणि कागद मिळतो तो तुझा आहे, कुणावर खर्च करायचा ते तू ठरव. पण हे मी हॅटीसाठी विचारतेय. पोरगी सकाळचं काही खात नाही. रात्रीचं जेवते, दुपारी शाळेतलं खाते, पण सकाळी टेबलाशी बसली की ओठ घट्ट मिटून घेते. काल शाळेतल्या नर्सबाईंची चिठ्ठी आली. दहा वाजता हॅटीचं डोकं बाकावर टेकलेलं असतं, घरी न्याहारी देता का? 'देता का' असं विचारलंय बघ. सदुसष्टाव्या वर्षी मला हे वाचायला लागलं.

सगळं करून पाहिलं. टोस्ट, अंडं, दलिया, त्या दलियात मनुका. कॉर्नफ्लेक्सचा डबा तर तिला समोरही चालत नाही, उचलून कपाटात ठेवते. परवा विचारलं, "मग तुला हवं तरी काय?" तर म्हणाली, "शनिवारचे पॅनकेक." मी दुकानातून तयार पिठाचा डबा आणला. पाणी घाला, ढवळा, तव्यावर टाका. आज केले. तिने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि कागदी रुमालात काढून ठेवला.

"आजी, हे आईचे नाहीत."

"आईचे कसे असतात?"

"आईचे आई करते."

उरलेले मी खाल्ले. पुठ्ठा पाकात बुडवून खाल्ल्यासारखं लागलं.

तर कळव. तू कधी काय घालतेस, किती घालतेस. मी तुझ्या घरी शनिवारी सकाळी कधी आले नाही, त्यामुळे मला ठाऊक नाही.

इथे थंडी खूप आहे. नळ गोठू नये म्हणून रात्रभर बारीक धार सोडून ठेवते. वृद्धाश्रमातल्या धुलाईचं काम सुरूच आहे. हॅटीची बस गेली की मी जाते, तिची बस यायच्या आत परत येते. बोटं आता मिटत नाहीत. एकतीस वर्षं जोडे शिवले, त्याचं हे बक्षीस.

आई


२६ जानेवारी

कोरीन,

पत्राची वाट बघून स्वतःच सुरुवात केली. मैद्याच्या पिशवीमागे कृती छापलेली असते, ती चष्मा लावून वाचली. मैदा, साखर, मीठ, खायचा सोडा, अंडं, दूध, लोणी. एवढंच तर आहे, म्हटलं, यात काय अवघड आहे!

हॅटी स्टुलावर चढून बघत होती. मी दूध ओतायला लागले तर ओरडली, "तसलं नाही! आंबट असतं!"

"आंबट दूध? नासलेलं?"

"नासलेलं नाही. आंबट."

म्हणजे ताक, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन मिनिटं गेली. ताक घरात नव्हतं. दुधात व्हिनेगर घातलं, ते फुटलं, ते वापरलं. मग मी पीठ चांगलं घोटलं. हात दुखेपर्यंत घोटलं, एक गुठळी ठेवली नाही. हॅटी बघत होती, बोलली नाही काही. तव्यावर टाकल्यावर ते पसरले आणि तसेच राहिले, फुगलेच नाहीत. चपलेचा तळ परवडला. आणि चपलेच्या तळांबद्दल मला कळतं.

"आई गुठळ्या ठेवते," ती मग म्हणाली.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू रागावली होतीस."

मी रागावले नव्हते गं. दमले होते. सात वर्षांच्या मुलीला दोन्हींतला फरक कसा कळणार? तुलाही कधी कळला नाही. चूक तुझी नव्हे, माझं तोंडच तसं आहे.

तिने अर्धा खाल्ला. माझ्यावर दया करून खाल्ला असं वाटलं.

इथलं बाकी: बुधवारी दीड फूट बर्फ पडला. समोरच्या ग्लेनिसने सकाळी येऊन माझ्या दारापासून रस्त्यापर्यंतचा उपसून दिला, न सांगता. ऑर्विल टॅगेट टपाल कचेरीत भेटला. काठी घेऊन चालतो, पाय आता यापेक्षा सरळ होणार नाही असं डॉक्टर म्हणालेत म्हणे. त्याने मान हलवली, मीही हलवली. तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


१५ फेब्रुवारी

कोरीन,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांत पहिलं. हॅटीला अक्षर ओळखता आलं, तिने ते उशीखाली ठेवलंय, म्हणून आता आठवून उत्तर लिहितेय. आठवायला सोपं आहे, तीनच ओळी आहेत. पॅनकेकचं हॅटीला ठाऊक आहे, तिलाच विचार. तिच्या हिवाळी बुटांचं माप बघ. आणि त्या ग्लेनिसला माझ्या मुलीजवळ फिरकू देऊ नकोस, जिने मला पकडून दिलं.

बूट घेतले. एक माप मोठे घेतले, पुढच्या वर्षीही होतील.

हॅटीला विचारलं. तिचं सांगणं असं: "वाडग्यात पांढरं, मग पिवळं, मग थोडं थांबायचं. मग तवा बोलतो." यावरून तू करून दाखव.

ग्लेनिसचं काय लिहू? ती समोर राहते, कोरीन. तिच्या खिडकीतून माझं दार दिसतं, माझ्या खिडकीतून तिचं. हॅटी शाळेच्या बससाठी उभी असते तेव्हा ती हात हलवते. तिने हात हलवू नये असं मी कसं सांगू? आणि तुला जे वाटतं ते

आज डोकं दुखतंय. पुढच्या वेळी लिहिते.

आई


९ मार्च

कोरीन,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून वाच. सोमवारी धुलाईच्या मागच्या दाराशी बर्फावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे, सहा आठवडे. घाबरू नकोस, हॅटीचं सगळं नीट चाललंय.

नीट चाललंय ते कुणामुळे, हे लपवून उपयोग नाही. हॅटी तुला लिहीलच. ग्लेनिस रोज येते. सकाळी साडेसहाला येते, हॅटीच्या वेण्या घालते, माझी बटणं लावते. होय, माझी बटणं. तू नको म्हणालीस आणि मी तिला येऊ दिलं. एका हाताने मला डबासुद्धा उघडता येत नाही. दुसरं कोण होतं? तुझे वडील असते तर गोष्ट वेगळी होती, आणि खरं सांगायचं तर एल्डनलाही वेणी घालता आली नसती.

काल शनिवार. ग्लेनिस आली ती काखेत स्वतःचा बिडाचा तवा घेऊन. "व्हर्ना, तुझ्या तव्याला काही चिकटत नाही म्हणून त्यावर काही खरपूसही होत नाही," म्हणाली. मला खुर्चीवर बसवलं. मैदा तिने मापलासुद्धा नाही, मुठीने टाकला. सोडा, मीठ, साखर. दुसऱ्या भांड्यात ताक, अंडं, वितळलेलं लोणी. एकत्र केलं आणि लाकडी चमच्याने जेमतेम दहा-बारा वेळा ढवळलं.

"गुठळ्या आहेत," मी म्हटलं.

"असू देत. त्यांना कुठे जायचंय?"

वर फडकं टाकलं आणि कॉफी प्यायला बसली. कॉफी संपेपर्यंत पीठ फुगून आलं. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चुरचुरत नाचला. हॅटी म्हणाली, "तवा बोलला!" मग पळीने टाकले. वर जाळी पडेपर्यंत हात लावला नाही. एकदाच उलटला, उलथन्याने दाबला नाही. वर आमच्याच झाडांचा मेपलचा पाक, मागच्या वर्षी ग्लेनिसने आटवलेला.

हॅटीने पहिला घास घेतला आणि थांबली. मला वाटलं, आता रुमाल मागणार. तर तिने ग्लेनिसकडे बघितलं आणि विचारलं, "तुला आईने शिकवले?"

ग्लेनिस तव्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "खा, गार होतील."

पोरीने पाच खाल्ले, कोरीन. पाच.

ती खेळायला गेल्यावर मी विचारलं. ग्लेनिसला सांगायचं नव्हतं. मी सोडलं नाही.

"तुझी कारखान्यातली पाळी पहाटे साडेपाचची असायची ना," ती म्हणाली. "एल्डन जंगलात, लाकूडतोडीला. सहा वाजता पोरगी माझ्या पायरीवर. थंडीत, पावसात, कधी कोट घालून, कधी न घालता. मी काय करणार होते? स्टुलावर बसवलं, हातात चमचा दिला."

"मी कॉर्नफ्लेक्स काढून ठेवायचे. वाडगा, चमचा, सगळं मांडून जायचे. डबा तर संपायचा!"

"तो माझ्या कोंबड्यांनी संपवला, व्हर्ना. ती खिसे भरून आणायची. तुला कळू नये म्हणून."

"किती दिवस?"

"दिवस कसले! सात वर्षांची होती तेव्हापासून ती माध्यमिक शाळेत जाईपर्यंत."

पाच वर्षं. मी कारखान्यात जोड्यांना टाके घालत होते आणि मनात म्हणायचे, माझी मुलगी किती समजूतदार, एकटी उठते, एकटी खाते, ओरड नाही. मी लोकांनाही सांगायचे ते. जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगायचे.

तुझ्या लहानपणी तुला कोण भरवत होतं हे मला आत्ता, डाव्या हाताने लिहायच्या वयात कळलं. ग्लेनिसचा मला राग आला हेही लिहून टाकते. तासभर आला. मग तिने माझं ताट धुतलं, माझ्या पायात मोजे चढवले, आणि राग ठेवायला जागा राहिली नाही.

तुझं कार्ड मी तिला दाखवलेलं नाही.

आई


१३ एप्रिल

कोरीन,

हे पत्र बसून वाच. आणि आसपास बायका असतील तर त्या झोपल्यावर किंवा बाहेर गेल्यावर वाच. प्लास्टर निघालं, उजव्या हाताने लिहितेय, म्हणजे अक्षराचा दोष देता येणार नाही.

काल सकाळी ग्लेनिसच्या बहिणीकडे काही होतं म्हणून ती आली नाही. मी आणि हॅटीने मिळून पीठ भिजवलं. हॅटी ढवळत होती, मी मोजत होते, सात, आठ, नऊ. नवाला ती थांबली. वर न बघता म्हणाली, "आजी, मी टोपीचं बोलले नसते तर आई इथेच असती ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

तुला ती टोपी ठाऊक नाही. आता सांगते.

त्या संध्याकाळी तू हॅटीला ट्रकमध्ये घेऊन, स्वतःच्या घरी न जाता माझ्याकडे आलीस. तोंडाला दारूचा वास होता, तो नेहमीचाच झाला होता, मी काही बोलले नाही. म्हणालीस, हरीण आडवं आलं, दिवा फुटला, मी झोपते. हॅटीला मी झोपवलं. सकाळी तू उठायच्या आधी ती खाली आली, मी तिला कॉर्नफ्लेक्स दिले. शिकारीचे दिवस होते, मी सहज म्हटलं, "बिचारं हरीण. मोठं होतं का गं?" ती खाता खाता म्हणाली, "त्याच्या डोक्यावर केशरी टोपी होती."

मी बाहेर जाऊन ट्रक बघितला. फुटलेल्या काचेत केशरी लोकरीचा धागा अडकला होता. आत आले. तू वर झोपली होतीस, तुझ्या जुन्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून. लहानपणी झोपायचीस तशीच. मी जिन्याखालच्या फोनवरून शेरीफच्या कचेरीला कळवलं, हिल रोडच्या कडेला कुणी पडलंय का बघा. तोवर ऑर्विल नाल्यात अकरा तास पडून होता. आणखी दोन तास गेले असते तर काठीचाही प्रश्न उरला नसता, हे डॉक्टर नंतर म्हणाले. फोनवरच्या माणसाने विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? मी नाव सांगितलं. माझं, आणि तुझं.

फोन मी केला, कोरीन. ग्लेनिस त्या आठवड्यात गावातच नव्हती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तू विचारलंस, "कुणी सांगितलं त्यांना?" मी म्हणाले, "समोरून दिसलं असेल कुणाला तरी." 'समोरून' म्हटल्यावर तू कुणाचं नाव घेणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो शब्द वापरला. तू आसऱ्याला माझ्याकडे आली होतीस. मी तुला वर झोपू दिलं आणि खाली फोन केला. हे तुला कळलं तर तू मला पुन्हा आई म्हणणार नाहीस असं वाटलं. म्हणून दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातलं. जिने तुला पाच वर्षं भरवलं तिच्याच. तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तर मी वेगळं वागले असते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

हॅटीने त्या सकाळचं सगळं बघितलं होतं गं. टोपीचं बोलली आणि तासाभराने पोलिसांची गाडी आली. टेबलावर तिचा वाडगा तसाच होता. तेव्हापासून दीड वर्षं ती सकाळच्या टेबलाशी तोंड मिटून बसतेय, आणि मी दलियात मनुका घालत होते.

मी तिला सांगितलं, "फोन मी केला. तू नाही. मी मोठी बाई आहे, मी विचार करून केला. तू फक्त खरं बोललीस, आणि एक म्हातारा माणूस त्यामुळे जिवंत आहे." तिने भांड्याच्या काठावरचं पीठ बोटाने पुसलं. मग विचारलं, "आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग सांग ना."

दुपारी ग्लेनिस आली, तिलाही सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. तिने हातमोजे काढले, एकात एक घातले, टेबलावर ठेवले. म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्या वेळी बहिणीकडून परत आले आणि तुझं तोंड बघितलं तेव्हाच कळलं."

"मग कोरीन तुझ्यावर रागावून आहे, तुझ्या पत्रांना उत्तर देत नाही, हेही..."

"तेही."

"बोलली का नाहीस, ग्लेनिस? दीड वर्षं!"

"पोरीला कुणाचा तरी राग करायचाच होता. माझा केला तर बिघडलं काय? मी शेजारीण आहे. तिला आई एकच आहे." मग म्हणाली, "पण वाईट वाटलं, व्हर्ना. वाटलं नाही असं नाही. नाताळात तिला मोजे विणून पाठवले होते, ते परत आले."

पिठाचं भांडं तसंच राहिलं होतं, ते मी फेकून दिलं.

मी क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. फोनसाठी मागणार नाही. त्या एका शब्दासाठी मागते, समोरून या शब्दासाठी. ग्लेनिसची मागून झाली. हॅटीची कशी मागतात ते मला येत नाही. तुझी ही अशी.

आई


२२ जून

कोरीन,

दहा आठवडे झाले. मी वाट बघत नाही असं ठरवलंय, तरी टपालाची गाडी आली की पाय आपोआप दाराकडे वळतात.

गेल्या मंगळवारी टपालवाल्याने चुकून ग्लेनिसचं पाकीट माझ्या पेटीत टाकलं. तुझं अक्षर. जाड होतं, चार-पाच कागद तरी असतील. मी ते घेऊन पेटीपाशी उभी राहिले, किती वेळ ते सांगत नाही. मग रस्ता ओलांडून नेऊन दिलं. ग्लेनिसने ओट्याशी उभं राहूनच वाचलं, घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवली. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले.

"माझ्याबद्दल काही आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"बरं."

"बरं काय? बस. कॉफी पी."

प्यायले. तिला लिहिलंस हे चांगलं केलंस. हे मी मनापासून म्हणतेय, दात आवळून नव्हे. म्हणजे थोडे आवळून, पण मनापासून.

हॅटी आता खाते. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी नर्सबाईंनी वजन केलं, सहा पौंड वाढलंय. रोज पॅनकेक नसतात, शनिवारीच असतात. बाकीच्या दिवशी टोस्ट आणि अंडं खाते, कुरकुर करत खाते, म्हणजे सगळ्या मुलांसारखी. पुढचा एक दात पडला. माझे पॅनकेक आता बरे होतात. ग्लेनिसच्या बरोबरीचे नाहीत. मी अजून एक-दोनदा जास्त ढवळते, हात थांबत नाही. तुझे मी कधी खाल्लेच नाहीत, त्यामुळे तुझ्याशी तुलना करता येत नाही.

आई


५ ऑक्टोबर

कोरीन,

ग्लेनिसने सांगितलं. तू सोळा तारखेला सुटतेस, ती गाडी घेऊन न्यायला येणार, आणि तू काही दिवस तिच्याकडे राहणार. ती हे सांगताना इतकी अवघडली होती की मलाच तिची कीव आली. मी म्हटलं, "तिची खोली गरम असू दे, तुझी ती उत्तरेकडची खिडकी नीट बसत नाही." दुपारी जाऊन फटीत चिंध्या कोंबून आले.

हॅटीचं तू ठरव. तिचे कपडे मी धुऊन, घडी घालून दोन पिशव्यांत ठेवलेत. समोर नेलेस तरी हरकत नाही, इथे ठेवलेस तरी नाही. रस्ता पंधरा पावलांचा आहे. ती मात्र रोज विचारते, आई कुठे झोपणार, मी कुठे झोपणार, तू कुठे झोपणार. मी म्हणते, मी माझ्या पलंगावर झोपणार, गेली चाळीस वर्षं तिथेच झोपतेय.

मी दारात उभी राहणार नाही. खिडकीचा पडदा ओढून ठेवणार नाही, कारण मग तुला वाटेल मी आडून बघतेय. तो रोज असतो तसा अर्धा असेल. तू आलीस की मला गाडीच्या आवाजावरून कळेल. मी कामाला जाईन, धुलाईच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत.

एक गोष्ट समोरासमोर सांगायला जमेल की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते. तशी सकाळ पुन्हा आली तर मी पुन्हा फोन करेन. पण या वेळी आधी वर येईन, तुला उठवेन, आणि तुझ्यासमोर करेन. तुझ्याशेजारी बसून करेन. तेव्हा तसं करायला मला धीर झाला नाही.

मी दमलेय, कोरीन. रागाने नाही, दुःखाने नाही, नुसती दमलेय. तुझ्यावर चिडायलाही आता बसावं लागतं. तू सुटून येतेस याचा आनंद मला बहुधा आठवडाभर झोपून उठल्यावर होईल. होईल मात्र नक्की.

आई


शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी सव्वाआठ

कोरीन,

हॅटी निरोप घेऊन आली. पायात नुसते मोजे, रस्ता ओला, तिला रागव. म्हणाली, "आई विचारतेय, आजी किती खाणार?"

मी म्हटलं, "नक्की आईनेच विचारलं? ग्लेनिसने नाही?"

"आईनेच. तिच्या हातात उलथनं आहे. लवकर सांग ना, एक करपतोय!"

मला तोंडाने सांगता येईना, म्हणून किराण्याच्या यादीमागे लिहून देतेय.

दोन.

हॅटीच्या हाती पाठवलेस तर इथे खाईन. ये म्हणालीस तर येईन. केस विंचरायला पाच मिनिटं लागतील.

आई